साप पकडून नेला तरी महिन्याभरात दुसरा हजर? आमच्या परड्यात कारण कुठं सापडलं

गेल्या वर्षी मृगाचा पाऊस लागल्यापासून गणपतीपर्यंत आमच्या आवारात पाच साप निघाले. घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आहे आणि मागच्या भिंतीला लागूनच उसाचा फड. पहिला साप निघाला तेव्हा सगळी गल्ली गोळा झाली होती. पाचव्या वेळेपर्यंत मुलांना इतकी सवय झाली होती की त्यांनी न सांगता आतली दारं लावून घेतली आणि मला फोन आणून दिला. प्रत्येक वेळी सर्पमित्र आले, साप घेऊन गेले, आमच्या जिवात जीव आला. आणि तीन-चार आठवडे जायचा अवकाश, पुन्हा तेच.

चौथ्या खेपेला ते दादा गाडीला किक मारता मारता म्हणाले, "वहिनी, साप मी न्हेतोय, पण उंदरं तुमच्याकडंच ऱ्हात्यात."

त्या दिवसापासून आम्ही सापाचा पाठलाग सोडला आणि घराकडे बघायला लागलो. ज्यांच्याकडे एखादाच साप वाट चुकून आला, त्यांनी लांब उभं राहून फोन केला की काम झालं. पण ज्यांच्याकडे दर पावसाळ्याला पुन्हा पुन्हा निघतोय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. साप पुन्हा येतो कारण त्याला बोलावणारी वस्तू तिथंच असते. एक नेला की तीच जागा दुसऱ्याला सापडते.

आधी वही घाला

मी एका जुन्या वहीत चार गोष्टी लिहायला लागले: तारीख, वेळ, नेमकी जागा, आणि साप कोणता. नाव सर्पमित्रांना विचारायचं, आपण अंदाज बांधायचा नाही. आठवून आठवून आधीच्या चौघांच्या नोंदीही केल्या. पाच ओळी कागदावर आल्या आणि आम्हाला एकदम दिसलं की त्यातल्या तीन नोंदी एकाच पट्ट्यातल्या आहेत. न्हाणीघरात धामण, दुपारी बारा. कोंबड्यांच्या खुराड्यात नाग, दिवेलागणीला. शेण्यांच्या हुडवीजवळ, म्हणजे गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगाजवळ, पुन्हा धामण, सकाळी दहा. न्हाणीघर, खुराडं आणि हुडवी ही तिन्ही पूर्वेच्या भिंतीला, पंधरा पावलांच्या आत. राहिलेल्या दोन नोंदी मात्र वेगळ्या होत्या: पुढच्या खिडकीच्या चौकटीवर कवड्या, रात्री नऊ. आणि मागच्या सोप्यात मण्यार, पहाटे तीन.

वेळ आणि जात कळली की अर्धं निदान होतं, कारण प्रत्येकाचं खाणं वेगळं. धामण दिवसा फिरते आणि उंदरांच्या मागावर असते. नाग उंदरांबरोबर बेडूक, पक्ष्यांची अंडी, पिल्लंही खातो आणि बहुधा तिन्हीसांजेला किंवा पहाटे हलतो. दिवड म्हणजे पाणसाप, तो मासे आणि बेडकांवर जगतो. तो परड्यात सारखा दिसत असेल तर उंदीर नंतर बघा, आधी गळका नळ, तुंबलेलं गटार, उघडा हौद बघा. दिवड चिडका आहे, चावतोही पटकन, पण बिनविषारी. कवड्या पालींसाठी भिंत चढतो. मण्यार रात्रीची निघते आणि उंदीर-पालींबरोबर दुसरे सापही खाते. म्हणजे ज्या आवारात लहान साप सुखानं नांदतात, तिथं मण्यारीलाही येण्याचं कारण असतं. आमच्या वहीतल्या पाचव्या ओळीचा अर्थ मला तेव्हा लागला आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

कवड्या की मण्यार, धामण की नाग

इथं थोडं थांबते, कारण आपल्याकडे या चुका जीव घेतात. कवड्या आणि मण्यार दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट: डोक्याकडच्या भागात पट्टे पुसट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक, आणि बऱ्याचदा जोडीजोडीनं. रंग काळा, निळसर चमक असलेला. तरीही अंधारात बॅटरीच्या उजेडात हे ओळखता येईल या भरवशावर राहू नका. पट्टेवाला साप दिसला की मण्यारच आहे असं धरून लांब राहा.

धामण लांब, चपळ, डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा, आणि तिला फणा नसतो. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असतं, असं आमच्या सासूबाईही लहानपणापासून ऐकत आलेल्या. यातलं काहीच खरं नाही. सापाला दूध ओढून पिता येत नाही, आणि धामण पूर्ण बिनविषारी आहे. दर वर्षी कितीतरी धामणी नाग समजून मारल्या जातात, आणि त्याच परड्यात मग घुशी माजतात.

घोणस मात्र अजगराचं पिल्लू म्हणून उचलायला जाणारी माणसं मी पाहिलीत. जाड अंग, त्यावर साखळीसारख्या गोल-लंबगोल तपकिरी ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, एका वेळी २० ते ४० सुद्धा, आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर. नागाची उन्हाळ्याच्या शेवटी घातलेली अंडी दोनेक महिन्यांनी फुटतात. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये वीतभर पिल्लं दिसायला लागली तर "लहान आहे, काय करणार" असं म्हणू नका. विषारी सापाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून विषारीच असतं. आठवड्यात दोन-तीन पिल्लं एकाच जागी दिसली तर अंडी किंवा मादी आवारातच होती असं समजा.

कात सापडली तर फेकू नका, सर्पमित्रांना दाखवा. मण्यारीच्या कातेवर पाठीच्या मधल्या रांगेतले खवले इतरांपेक्षा मोठे, षटकोनी दिसतात. कातेवरून लांबी मोजायला मात्र जाऊ नका. निघताना कात ताणली जाते, त्यामुळे ती सापापेक्षा लांब भरते.

बिळं जिवंत आहेत का, हे कसं बघितलं

साप बीळ खणत नाही. त्याला मिळतं ते उंदराचं, घुशीचं किंवा वारुळातलं आयतं घर. म्हणून आधी उंदरांचा हिशेब. पूर्वेच्या भिंतीपाशी आम्हाला अकरा भोकं सापडली. ती सगळी वापरात होती का? हे बघायची जुनी रीत शेजारच्या काकूंनी सांगितली. संध्याकाळी प्रत्येक भोकात कागदाचा सैल बोळा कोंबायचा आणि तोंडाशी चुलीतली राख पसरायची. सकाळी सात ठिकाणचे बोळे बाहेर पडलेले, राखेत पायांचे ठसे आणि शेपटीची रेघ. ती सात जिवंत. घुशीचं बीळ तर ओळखूच येतं, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो. एवढंच, की हे करताना हात भोकात घालायचा नाही. काठीनं ढकलायचं, आणि पायात बूट.

मग उंदीर कशावर जगत होते ते शोधलं. खुराड्यापुढं सांडलेली मक्याची भरड. कुत्र्याच्या ताटलीत रात्रभर राहणारी भाकरी. पायरीखाली ठेवलेलं शेंगांचं पोतं, जे आम्ही विसरूनच गेलो होतो. आणि राहायला जागा म्हणून हुडवी.

हुडवीवरून घरात चार दिवस वाद झाला. बंबाला शेण्या लागतात, सासूबाई त्याशिवाय पाणी तापवायला तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबर होतं, सगळंच गॅसवर कसं करायचं. जमिनीला टेकून रचलेली हुडवी म्हणजे उंदरांना कोरडी, उबदार, पावसापासून वाचलेली जागा. काकूंचा अनुभव त्याच आठवड्यातला. "मी जळण काढाय गेलो, आणि हाताखाली गारगार काय तरी लागलं. बघतोय तर धामण," असं त्या सांगत होत्या, तेव्हाही त्यांचा हात थरथरत होता. शेवटी तोडगा निघाला तो असा: जुन्या लोखंडी कॉटवर फळ्या टाकल्या आणि शेण्या, जळण सगळं जमिनीपासून दीड फूट वर, भिंतीपासून हातभर सोडून रचलं. खालून झाडू फिरतो, उजेड जातो. त्यानंतर तिथं एकही बीळ पडलेलं नाही. ज्यांच्याकडे वैरणीची गंजी, उसाच्या पाल्याचा ढीग, उरलेल्या विटा, कौलं किंवा जुने पत्रे आहेत, त्यांनाही हेच करता येईल. घरापासून लांब आणि जमिनीपासून वर.

उकिरड्याचं वेगळं आहे. कुजणाऱ्या खताला ऊब असते, त्यामुळे काही साप त्यात अंडी घालतात. पांढरी, मऊ चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसली तर फावडं तिथंच थांबवा आणि फोन करा. खत उपसायचं ते मे महिन्यात, भर उन्हात, लांब दांड्याच्या फावड्यानं.

बिळं बुजवायचं कामही आम्ही वैशाखातच केलं. आधी दोन आठवडे पिंजरे लावून उंदीर कमी केले. उंदरांचं विष वापरलं नाही, आणि तुम्हीही वापरू नका असं कळकळीनं सांगते: विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, मांजर खातं, आणि उंदरांवर राहणारी ही फुकटची राखण आपणच मारतो. पिंजऱ्यात काही लागेना झाल्यावर बोळा आणि राखेची परीक्षा पुन्हा केली. ज्या भोकांची हालचाल थांबली तीच खडी आणि सिमेंटनं भरली. पावसात, साप आत असताना भोक बुजवलं तर तो दुसरीकडून निघतो, आणि ते दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा आपलं घर. आमची मागची भिंत जांभ्याची, दगड नुसते एकावर एक रचलेले. तिच्या फटी भरायलाच जास्त पैसे गेले.

न्हाणीघरातली धामण आली होती मोरीच्या पाइपातून. तो पाइप थेट बाहेरच्या गटारात उघडा होता. त्याच्या बाहेरच्या तोंडाला बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवली, आत मोरीलाही बसवली. खुराड्याची कोंबडीजाळी काढून अर्ध्या इंचापेक्षा बारीक विणीची वेल्डजाळी लावली. मागच्या दाराखाली बोटभर फट होती, तिथं रबरी पट्टी. साप किती बारीक फटीतून येतो याचा अंदाज हवा असेल तर असं धरा, की पेन्सिल आत जात असेल तर पिल्लू आत येतं.

आणि तो कवड्या? पुढच्या दिव्याचं काम. रात्रभर पांढरा दिवा, दिव्यावर किडे, किड्यांसाठी पाली आणि खाली बेडूक, त्यांच्यामागे साप. दिवा लागेल तेव्हाच लावायला सुरुवात केली आणि खिडकीला टेकलेली मधुमालतीची वेल दोन फूट मागं छाटली. पुन्हा तो दिसला नाही.

ज्यात पैसे आणि दिवस वाया गेले

फिनेल, कार्बोलिक ॲसिड, डांबरगोळ्या, लसूण, गंधक, सर्पगंधेचं रोप. यातलं निम्मं आम्ही केलं. कशानंही साप अडत नाही. कार्बोलिकनं कातडी भाजते, आणि लहान मुलं असलेल्या घरात ते शिंपडणं सापापेक्षा जास्त धोक्याचं.

सगळ्यात मोठी चूक नायलॉनच्या जाळीची. साप येऊ नये म्हणून मी कंपाउंडला तळाशी माशाच्या जाळ्यासारखी बारीक जाळी बांधली. हुडवीजवळची ती दुसरी धामण त्याच जाळीत अडकली होती. सुटायची धडपड करताना धागे तिच्या अंगात रुतले होते. दादांनी कात्रीनं एकेक धागा कापून तिला सोडवलं, अर्धा तास लागला, आणि तोवर मला तिच्याकडे बघवत नव्हतं. बागेत, वेलींना, कुठंच तसली सैल जाळी बांधू नका.

साप समोर आहे, आता काय

सहा-सात फूट लांब उभं राहा. एकानं फक्त त्याच्यावर नजर ठेवायची, कारण नजरेआड झालेला साप शोधण्यात रात्र जाते. बाकीच्यांनी आतल्या खोल्यांची दारं लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, बाहेरचं दार उघडं ठेवायचं, कुत्र्याला बांधायचं. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे, तो भिंतीवर लिहून ठेवा. गरम पाणी ओतणं, काठीनं टोचणं, शेपूट धरणं, यातूनही दंश होतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापांना संरक्षण आहे, मारणं हा गुन्हा आहे. मारलेल्या नागाची जोडीदारीण सूड घ्यायला येते ही समजूत खोटी. दुसरा साप येतो तो त्याच उंदरांसाठी.

आमच्याकडे मण्यार निघाली तेव्हा मुलं सोप्यात जमिनीवर अंथरूण घालून झोपली होती. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला असं झालं तर पित्त, अपचन म्हणून घरी थांबू नका. खाट घ्या, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. एवढ्या साध्या गोष्टीनं रात्रीचे दंश टळतात. आमच्या घरात आता खाटेशिवाय कुणी झोपत नाही.

दंश झालाच तर: माणसाला आडवं करा, चालू देऊ नका. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. हात किंवा पाय फळी लावून सैल कापडानं हलणार नाही असा ठेवा. आवळून दोरी नको, कापणं-चोखणं नको, बर्फ नको. १०८ ला फोन, किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. लांबच्या गावात असाल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात आधी जा. सापाचं औषध एकच आणि ते म्हणजे प्रतिविष. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. लांबून फोटो निघाला तर न्या, नाहीतर दंशाची वेळ सांगा. घोणशीची शंका असेल तर डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का बघतात, तेवढा वेळ धीर धरा. काहीच त्रास दिसत नसला तरी २४ तास देखरेखीखाली राहा.

काकूंच्या दिरांना शेतात घोणस चावली तेव्हा त्यांना आधी उतारा टाकणाऱ्याकडे नेलं होतं. दीड तास गेला. जीव वाचला, पण पायाचं दुखणं कायमचं राहिलं. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली, आणि जवळपास निम्मी पावसाळ्यातली. या आकड्यामागचा दीड तास मला माहीत आहे.

पंचगंगेकाठच्या लोकांसाठी

चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या भागात हा सगळा हिशेब बदलतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघालं की बिळं बुडतात आणि साप उंचवट्याकडे, म्हणजे घरांकडे येतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हे सगळ्यांनी पाहिलंय. तिथं परडं कितीही स्वच्छ असो, साप येणारच. घर सोडताना दारांच्या फटी बंद करा, आणि परतल्यावर पहिला दिवस बूट, हातमोजे आणि लांब काठी. गाद्या, पोती, कपाटाचे खालचे कप्पे आधी काठीनं उलटायचे, मग हात लावायचा. चिखल उपसताना घाई नको.

पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याच्या बाजूला परड्यात गवा येतो असं सांगणारेही भेटतात. त्याचं कारण वेगळं, उपायही वेगळा, त्यावर सविस्तर पुन्हा कधी. एवढंच सांगते, की गव्याभोवती गर्दी आणि आरडाओरडा करू नका, त्याला जायला वाट ठेवा आणि १९२६ ला कळवा.

आमची वही या वर्षीही चालू आहे. मृगापासून आजपर्यंत एकच नोंद: नागपंचमीच्या आदल्या दिवशी, सकाळी, एक धामण भिंतीच्या पलीकडून फडात जाताना. आत आली नाही. दसऱ्यानंतर शेजारच्या उसाला तोड लागेल, फडातले उंदीर घरांकडे पळतील, आणि थंडीत घोणशी दिवसाही बाहेर पडायला लागतील. त्याआधी पूर्वेच्या भिंतीला पुन्हा एकदा राख टाकून बघायची आहे. मोरीची जाळी काढून घासायचीय, कॉटखाली झाडू फिरवायचाय, आणि शेंगांचं पोतं या खेपेला माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात.